चावी देण्याआधी : घरमालक वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की घर भाड्याने देण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढी पत्रं आली की निम्मी वाचतानाच चहा गार झाला. एक आधीच सांगतो, मी वकील नाही आणि सीए पण नाही. पुण्यात दोन वन बीएचके भाड्याने देणारा आणि नऊ वर्षं सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलेला माणूस आहे. त्यामुळे जे स्वतः निस्तरलंय तेच सांगणार, आणि जिथे वकील लागेल तिथे वकील गाठा असं सरळ सांगणार.

नमस्कार काका, चिंचवडला आमचा एक फ्लॅट आहे, हे गेल्यापासून मीच बघते. भाडेकरू नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, स्वभावाने चांगले, १८ हजार भाडं दर महिन्याला पाच तारखेच्या आत जमा होतं. अ‍ॅग्रीमेंट संपून पाच महिने झाले, मी म्हटलं परत एजंटला पैसे कशाला घालायचे, नीट चाललंय ना. आता शेजारच्या वहिनी म्हणतात बारा वर्षं राहिला की घर त्याच्या नावावर होतं. तेव्हापासून झोप नाही. — निवृत्त शिक्षिका, चिंचवड

ताई, आधी शांत झोपा. बारा वर्षांचं जे म्हणतात ते मालकाला न जुमानता, उघड उघड स्वतःची जागा म्हणून बळकावून बसलेल्या माणसाबद्दल आहे. जो तुमच्या परवानगीने आत आला, ज्याला चावी तुम्ही दिली आणि जो दर महिन्याला तुम्हाला भाडं देतो तो काही असा मालक होत नाही.

पण वहिनींची भीती आली कुठून ते पण सांगतो, कारण ती अगदीच हवेतली नाही. मुंबई भाडे कायद्यात पूर्वी एक दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक चालू लायसन्सवर, म्हणजे मालकाने ठराविक मुदतीसाठी दिलेल्या वापराच्या परवानगीवर, जागेत राहत होते ते सगळे कायद्याने संरक्षित भाडेकरू ठरले. म्हणजे ज्यांनी अकरा महिन्यांसाठी म्हणून जागा दिली होती त्यांची जागा गेली ती गेलीच. आमच्या आधीच्या पिढीने हे डोळ्यांनी बघितलं, म्हणून कित्येकांनी घरं वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवली पण भाड्याने दिली नाहीत. नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्यात लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे अशा परवानगीच्या कराराची, मुदत संपली की जागा सोडायची हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ७३ ची भीती आता नाही, पण आपल्याकडे कायदा बदलतो आणि वहिनी बदलत नाहीत, असो.

तुमचा खरा धोका दुसराच आहे. याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी पाहिजे, रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरूची नाही, एजंटची नाही, आपली. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पण दंड सोडा, त्यात पुढे आहे ती गोष्ट जास्त महाग पडते. रजिस्टर्ड करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, खोटं आहे हे सिद्ध करत बसायचं आपण.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. पहिला फ्लॅट दिला तेव्हा ओळखीतलाच मुलगा होता म्हणून शंभराच्या स्टँपवर नोटरी करून मोकळा झालो. डिपॉझिट घेतलं ५० हजार, त्यातले काही रोख, आणि पावती कोण देतो ओळखीत. सोडताना तो म्हणाला मी ८० हजार दिले होते. अंगावर काटा आला. वकील मित्राकडे गेलो तर तो म्हणाला तुझ्याकडे रजिस्टर्ड काही आहे का, नाही ना, मग मिटव. ६५ वर मिटलं. १५ हजार गेले आणि वर बायकोची बोलणी फुकट.

आता खर्च बघा म्हणजे कळेल आपण कशासाठी जीव खातो. स्टँप ड्यूटी लागते ०.२५ टक्के, आणि ती सगळ्या मुदतीच्या एकूण भाड्यावर अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून जी रक्कम येते त्यावर. तुमचं भाडं १८ हजार, अकरा महिन्यांचं झालं १ लाख ९८ हजार, डिपॉझिट ६० हजार धरलं तर त्याचं व्याज साधारण साडेपाच हजार, एकूण २ लाख साडेतीन हजार, त्याचे पाव टक्का म्हणजे पाचशेच्या थोडं वर. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत एक हजार. बाकी एजंट जे घेतो ते त्याच्या मशीनचे आणि घरी येण्याचे, त्यात घासाघीस करा, आणि खर्च निम्मा-निम्मा भाडेकरूबरोबर वाटून घेतात हे तर तुम्हाला माहीतच आहे. आधारवर थंब देऊन घरबसल्या होतं, ऑफिसच्या लायनीत उभं राहायला लागत नाही.

आणि अकरा महिनेच का हो? ती सवय आहे नुसती. रजिस्ट्रेशन कायद्यात एक वर्षाच्या वरची लीज रजिस्टर करावी लागते म्हणून लोकांनी अकराची पळवाट काढली, ती देशभर चालते, पण महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करार पण रजिस्टर करावाच लागतो, मग पळवाटेचा फायदा काय राहिला? याच पाव टक्का दराने ६० महिन्यांपर्यंतचा करार करता येतो. चांगली माणसं असतील तर सरळ २४ किंवा ३६ महिन्यांचा करा, दर अकरा-बारा महिन्यांनी ५ टक्के वाढ आत्ताच लिहा, दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस लिहा. मागच्या तारखेची भानगड करू नका, ह्याच आठवड्यात नवीन करून टाका. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची असते ती पण त्याच दिवशी भरा आणि पोच जपून ठेवा. बऱ्याच शहरांत तसा पोलिसांचा आदेश असतो आणि तो मोडला तर गुन्हा मालकावर दाखल होतो.

सोसायटी माझ्याकडून महिन्याला दीड हजार नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावलेला चार्ज) घेते, वर कमिटी म्हणते बॅचलर चालणार नाहीत आणि आमची एनओसी घेतल्याशिवाय टेंपो आत सोडणार नाही. — ठाणे

दीड हजार! तुमचे सर्व्हिस चार्जेस १५ हजार आहेत का? नसणार. सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, नॉन-ऑक्युपन्सी सर्व्हिस चार्जेसच्या जास्तीत जास्त १० टक्के, आणि त्यात प्रॉपर्टी टॅक्स वगैरे धरायचा नाही. सर्व्हिस चार्जेस म्हणजे वॉचमन, साफसफाई, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च असलं. बिलाचा एकूण आकडा घेऊन त्याचे दहा टक्के काढतात काही हुशार खजिनदार, ते पण चूक. तुमच्या बिलात सर्व्हिस चार्जेस समजा १८०० असतील तर नॉन-ऑक्युपन्सी १८० च्या वर जाऊ शकत नाही. सोसायट्या याविरुद्ध हायकोर्टात जाऊन हरल्या आहेत. आणि घरात लग्न झालेली मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर हा चार्ज लावताच येत नाही.

एनओसीचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची कॉपी द्यायची, झालं. बॅचलर नको म्हणायला कायद्याचा काही आधार नाही. पण मी सेक्रेटरी होतो म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. रात्री दोन वाजता गच्चीवर गाणी लागली की फोन मालकाला नाही, सेक्रेटरीला येतो. म्हणून पत्र लिहा, आदेशाचा उल्लेख करा, जादा घेतलेले पैसे पुढच्या बिलात वळते करा म्हणून मागा, नाही ऐकलं तर उपनिबंधकाकडे तक्रार आहेच, पण त्याचबरोबर करारात एक ओळ टाका की सोसायटीचे नियम पाळायचे, आणि भाडेकरू मुलांचा नंबर कमिटीला द्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

काका, पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. हातात साधारण ५० लाख येतील. सातारला स्वतःचं घर आहे, पुण्यात मोशी-रावेत साइडला वन बीएचके घेऊन भाड्याने द्यावा असं मुलगा म्हणतो, दर महिन्याला घरबसल्या उत्पन्न. काय करू? — सातारा

भाऊ, मुलाला समोर बसवा आणि कागद-पेन घ्या. रिसेलचा वन बीएचके ४५ लाखांना मिळाला असं धरू. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये स्टँप ड्यूटी ७ टक्के, झाले ३ लाख १५ हजार. (फक्त वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलात तर १ टक्का सूट, म्हणजे ४५ हजार वाचले, जोडीने घेतलात तर नाही मिळत.) रजिस्ट्रेशन ३० हजार. ब्रोकर एक टक्का धरा ४५ हजार. फ्लॅट नवीन मालकाच्या नावावर करायला सोसायटी घेते ते ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. रंग, पंखे, ग्रिल, गिझर, किचनची ट्रॉली, यात लाखभर कुठे जातो कळत पण नाही. म्हणजे ५० लाख पूर्ण गेले, हातात एक रुपया नाही आणि अजून भाडेकरू आलेला नाही.

आता भाडं. १६ हजार धरू. वर्षाचे बारा महिने भाडं येतं असं फक्त ब्रोकर म्हणतो, एक भाडेकरू गेला की दुसरा येईपर्यंत महिना सहज जातो, तर अकरा महिन्यांचे झाले १ लाख ७६ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना दोन हजारांनी वर्षाचा २४ हजार, प्रॉपर्टी टॅक्स ६ हजार, नवीन भाडेकरूचा ब्रोकर आणि नळ-वायरिंग-सीपेज मिळून १५ हजार. हातात १ लाख ३१ हजार. ५० लाखांवर हे पडले २.६ टक्के. परत बघा, २.६.

याच्या शेजारी पोस्टातली सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम ठेवा. त्यात एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला, त्या दराने ३० लाखांवर दर तीन महिन्यांनी ६१ हजार ५०० येतात, आणि गिझर बिघडला म्हणून रात्री कोणाचा फोन येत नाही.

मुलगा म्हणेल बाबा, फ्लॅटची किंमत वाढते ना. वाढते, काही ठिकाणी वाढते, काही ठिकाणी शेजारी नवीन टॉवर उभा राहतो आणि तुमच्या जुन्या बिल्डिंगकडे कोणी बघत पण नाही. पण ती वाढ तुम्हाला ७८ व्या वर्षी फ्लॅट विकल्यावर मिळणार, महिन्याचं औषधाचं बिल आज द्यायचंय. तुम्हाला काय हवंय, महिन्याचं उत्पन्न की मुलासाठी पुण्यात जागा? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि घरोघरी ते एकच समजून ५० लाख टाकले जातात. मुलासाठी जागा हवी असेल तर कर्ज मुलाने काढावं, तुम्ही थोडी मदत करा, सगळी पुंजी घालू नका. आणि उत्पन्न हवं असेल तर सातारच्या घराला वर एक खोली-किचन काढता येतं का ते बघा, जागेचे पैसे नाहीत, डोळ्यांसमोर भाडेकरू, हिशोब एकदम वेगळा निघतो. बांधकामाची परवानगी मात्र रीतसर घ्या.

जाता जाता टॅक्सचं, कारण चार-पाच पत्रांत विचारलंय की रंगकामाची बिलं लावून भाड्यातून खर्च वजा करता येतो का. नाही. भाड्यातून आधी तुम्ही भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजा, मग तुम्ही रंग दिला काय आणि नाही दिला काय. वरच्या उदाहरणात १ लाख ७६ हजारांतून ६ हजार गेले, १ लाख ७० वर ५१ हजार सूट, १ लाख १९ हजार तुमच्या उत्पन्नात मिळवायचे. कर्ज असेल तर भाड्याने दिलेल्या घराचं व्याज पण वजा होतं, पण नवीन टॅक्स पद्धतीत त्यातून आलेला तोटा पगारातून किंवा पेन्शनमधून वजा करता येत नाही, तेवढं सीएला विचारा.

तीन महिने भाडं नाही, रजिस्टर्ड कराराची मुदत पण संपली, फोन उचलत नाही. एमएसईबीचं मीटर माझ्या नावावर आहे. लाइट तोडू का? मेव्हणा म्हणतो कुलूप बदलून टाक. — डोंबिवली

मेव्हण्याला जेवायला बोलवा, सल्ल्याला नको. लाइट-पाणी तोडणं हे भाडे कायद्यातच गुन्हा धरलंय, आणि कुलूप बदललंत तर तो पोलीस स्टेशनला जाईल आणि आतमध्ये माझं सोनं होतं म्हणेल, मग तुम्ही सोनं नव्हतं हे सिद्ध करत बसा.

तुमच्याकडे रजिस्टर्ड करार आहे असं पत्रात लिहिलंय, मग तुमचा पत्ता कापलेला नाही. वकिलाकडून नोटीस द्या, आणि त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. हे साधं कोर्ट नाही, लीव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी वेगळी सोय आहे. समोरच्याला तिथलं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत मला बाजू मांडायची परवानगी द्या असा अर्ज करावा लागतो, नाही केला तर तुमचं म्हणणं मान्य धरून ऑर्डर होते. आणि मुदत संपल्यावर जितके दिवस बसलाय तितक्या दिवसांची दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. नोटिशीत हे दुप्पटचं ठळक लिहायला सांगा. माझ्या ओळखीत तिघांचे भाडेकरू तेवढ्या एका ओळीनेच हलले, तारखेपर्यंत गेलंच नाही.

तोपर्यंत लाइट बिल भरत राहा, मनाला लागतं मला माहितीये, पण मीटर तुमच्या नावावर आहे, थकबाकी पण तुमचीच होते. पावत्या ठेवा, डिपॉझिटमधून वळत्या करता येतील. पुढच्या वेळी डिपॉझिट तीन महिन्यांचं घ्या म्हणजे एवढा हिशोब त्यात बसतो.

मी दुबईत आहे, खराडीचा फ्लॅट ३० हजारांनी दिलाय. भाडेकरू आता म्हणतो टीडीएस (भाडं देतानाच कापायचा टॅक्स) कापणार. ५० हजारांच्या खाली टीडीएस नसतो ना? वडिलांच्या खात्यात भाडं घेतलं तर? — दुबई

भाडेकरू हुशार आहे, त्याला सांभाळा. ५० हजारांच्या वरचा नियम मालक भारतात राहणारा असेल तेव्हाचा, तिथे आता २ टक्के कापतात. मालक एनआरआय असला की भाडं कितीही कमी असू दे, पहिल्या रुपयापासून कापावा लागतो, ३० टक्के आणि त्यावर सेस मिळून ३१.२, म्हणजे ३० हजारांतले ९,३६० रुपये. त्यासाठी भाडेकरूला टॅन नंबर (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागतो आणि दर तिमाहीला रिटर्न भरावं लागतं, त्यामुळे बरेच भाडेकरू एनआरआयचं घर म्हटलं की पळतात. कापलेले पैसे बुडत नाहीत, इथे रिटर्न भरलंत की तुमचा टॅक्स जेवढा बसतो तेवढा ठेवून बाकीचे परत मिळतात. भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर आयकर खात्याकडून कमी टीडीएसचं सर्टिफिकेट काढून घ्या, म्हणजे दर महिन्याची कळ थांबेल.

वडिलांच्या खात्यात घेऊन काही होत नाही, घर तुमच्या नावावर तर उत्पन्न तुमचंच, उलट उद्या त्यांना म्हातारपणी नोटीस येईल. एनआरओ खात्यात, म्हणजे एनआरआयचं भारतातलं उत्पन्न जमा करायच्या खात्यात, घ्या. वडिलांना करारावर सही करायला कुलमुखत्यारपत्र मात्र द्या. दुबईच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये सही-शिक्का करून पाठवा, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथली स्टँप ड्यूटी भरा, ही तारीख लोक हमखास चुकवतात.

चार कॉलेजच्या पोरांना फ्लॅट दिला होता. सोडून गेले, हॉलच्या भिंतीत सतरा खिळे, किचनचा ओटा पिवळा, एक पंखा वाकडा. डिपॉझिट ४० हजार आहे, सगळं ठेवून घेऊ का? — सांगली

सतरा मोजलेत म्हणजे राग खरा आहे. पण सगळं ठेवू नका. राहत्या घराची जी साधी झीज होते ती मालकाची, रंग दोन-तीन वर्षांत उडणारच होता. पंखा वाकडा केला तो त्यांचा, ओटा अ‍ॅसिड टाकून पिवळा केला असेल तर तो पण. खिळ्यांचं म्हणाल तर पुट्टीवाला अर्ध्या दिवसात बुजवून देतो, त्याचे पैसे घ्या. बिलं करून घ्या, त्या बिलांचे फोटो चौघांच्या ग्रुपवर टाका, आणि उरलेले ज्याच्या खात्यातून आले होते त्याच खात्यात पाठवा. नाहीतर चौघंही येऊन म्हणतील माझे दहा दिले नाहीत.

पुढच्या वेळी चावी द्यायच्या दिवशी मोबाईलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, नळ सोडून, पंखा लावून, मीटरचं रीडिंग पण, आणि तो तिथेच उभ्या उभ्या भाडेकरूला पाठवा. करारात चौघांचीही नावं टाका, एकाच्याच नावावर करून बाकीचे तीन पाहुणे असं करू नका. आणि हॉलमध्ये तुम्हीच चार हुक ठोकून द्या हो, पोरं कपडे कुठे अडकवणार?

(नागपूर आणि पणजीहून आलेली पत्रं पुढच्या अंकात. गोव्याचा भाडे कायदा वेगळा आहे, त्यामुळे पणजीच्या ताईंनी वरचे कलम नंबर वापरू नयेत.)